फरशी क्रमांक सतरा

मिस्त्राल वारा तीन दिवस थांबलेला नाही.
द्युरांस नदीकाठच्या प्रयोगशाळेत
ओदील तराजूचं काचेचं दार लावते
आणि आकडे स्थिरावेपर्यंत
श्वास धरून बसते.

तराजू इतका हळवा, की
बाहेरून कोणी चालत गेलं तरी त्याला कळतं.
त्यावर टंगस्टनची फरशी, तळहाताएवढी,
दहा महिने भट्टीच्या तळाशी काढून आलेली,
जिथं सूर्याच्या गाभ्याहून तप्त वायू
चुंबकांच्या दाव्याला बांधून ठेवतात.
दावं कितीही आखूड करा,
कडेकडेनं तो भिंत चाटतोच.

बातम्या आगीच्या होतात:
किती सेकंद टिकली, किती अंश चढली.
गंध सगळेच लावतात.
सहाण किती झिजली, कोण बघतं?
ओदील बघते.

एक अणू उडतो.
बहुधा लांब जात नाही.
उडता उडताच अंगात वीज भरते, चुंबक धरतं,
एक गिरकी, की पुन्हा त्याच आळीत,
दोन घरं सोडून.
रागानं निघालेल्या माणसानं
कोपऱ्यावरून परत यावं, तसा.
काही येत नाहीत.
काही थेट मधोमध शिरतात,
आणि चाळीस सेकंदांचा सूर्य
अकराव्या सेकंदाला काळाठिक्कर.

ओदीलचे वडील, म्हातारा फासो,
शनिवारी मानोस्कच्या बाजारात सुऱ्यांना धार लावायचे.
एका खाटकाची सुरी तीस वर्षं त्यांच्याकडे येत राहिली,
शेवटी पातं उरलं करंगळीएवढं.
खाटीक म्हणाला, अर्धी सुरी खाल्लीस माझी.
त्यांनी नाक शिंकरलं, रुमाल उघडून दाखवला. काळा.
"ही घे. बाकीची आत आहे."
पुढे डॉक्टरांनाही ती सापडली,
एक्स-रेमध्ये, दोन्ही बाजूंना.

ओदील आकडा वाचते. पुन्हा वाचते.
सतरा क्रमांक गेला होता त्यापेक्षा
चौदा मिलिग्रॅमनं जड.
तराजू बिघडला, शेजारून बास्तियाँ म्हणतो.
ती प्रमाणित वजन ठेवून बघते. बिनचूक.

मग फरशी दिव्याखाली तिरकी धरते.
आगीची सावली पडायची त्या कडेला
इंद्रधनुषी पापुद्रा,
कुठल्या कुठल्या भिंतींचा चुरा येऊन बसलेला,
सोळाचा, नवाचा, छताचा,
थोडा तिचा स्वतःचाही असेल.
नखानं खरवडला तर सुटेल.
खरवडत नाही.

कागदावर "झीज" असा रकाना,
त्यात वजाचं चिन्ह आधीच छापलेलं.
वाढ होईल असं कुणाला वाटलंच नव्हतं.
ओदील त्या आडव्या रेघेवर
एक उभी रेघ मारते.

हातमोजे काढते, नाक शिंकरते,
आणि रुमाल न बघताच
घडी करून खिशात घालते.