चांदोरीच्या तळ्यावरची वही

पहाटे चार. पारा सहावर.
द्राक्षबागांत शेकोट्या धुमसतायत,
घड गारठून तडकू नयेत म्हणून.
तळ्याला कोण शेकोटी लावणार?
मी मीटरची वायर पाण्यात सोडते
आणि आकड्याची वाट बघते,
तापल्या पोराच्या काखेतला थर्मामीटर बघावा तशी.

चार पूर्णांक एक.
चालेल.
वहीत लिहिते: पाणी गार, आज खाद्य बंद.
गारठ्यात मासा खात नाही
आणि तळाशी बसलेला दाणा
दोन दिवसांत विष होतो.

आईनं असं कधी मोजलं नाही.
तिचं पाणी बघणं म्हणजे पायाचा तळवा आणि नाक.
सायखेड्याच्या बाजारात पाटी मांडून बसायची,
गिऱ्हाइकासमोर कल्ला उचलून दाखवायची,
"लाल आहे का बघ. नसला तर घेऊ नको."
अंगठ्यानं दाबलं की खळगा भरून यायला हवा,
एवढंच तिचं शास्त्र.
ते चुकलं नाही.
नदी चुकली. वरून फेस आला, मग पाणवेली,
मग जाळ्यात माशांपेक्षा चपला जास्त.

म्हणून हे टर्ल्यांचं शेततळं, खंडानं.
काळं मेणकापड, चार कोपरे,
आणि बांधाला लागून त्यांची बाग.

मागच्या कार्तिकात एका रात्रीत सहाशे रोहू उलटे झाले.
पांढरी पोटं. मी मोजली,
मोजायची सवय आहे म्हणून.
कुणी म्हणालं हवा कमी पडली, कुणी म्हणालं नजर.
आदल्या सांजेला बागेत फवारा होता,
आणि वारा माझ्याकडे.
मी खड्डा खणला, चुना टाकला,
एकही मासा पाटीत घातला नाही.

तेव्हाच पोपटशेठ टेम्पो घेऊन आला.
"मांगूर टाक ताई. बंदी कागदावर असते.
कोंबडीची आतडी खाऊन किलोचा होतो.
आणि बर्फात दोन झाकणं औषध,
तीन दिवस ताजा दिसतो."
मी म्हटलं, शेठ,
मेल्यावर तीन दिवस ताजा दिसायचं
तर मरायचं तरी कशाला त्यानं?
तो हसला. मी हसले नाही.
त्या महिन्याचा हप्ता
आईच्या पाटल्यांनी भरला, एवढं खरं.

टर्ल्यांची द्राक्षं रॉटरडॅमला जातात.
कंटेनर भरायच्या आधी घड तपासणीला जातो,
कुठलं औषध, किती दिवसांपूर्वी, सगळं कागदावर.
त्यांची सून रेवती तो कागद घेऊन बांधावर आली,
बराच वेळ चप्पल चिखलात फिरवत उभी राहिली.
"तिकडचं पोर आमचं द्राक्ष खाणार
म्हणून एवढी तपासणी," ती म्हणाली.
पुढचं वाक्य तिला सुचलं नाही.
मलाही नाही.
इथलं पोर माझा मासा खातं.
त्याचा कागद आजवर कुणी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत तिचं अक्षर होतं,
तिरकं, हिरव्या शाईचं:
"उद्या सकाळी फवारा. वारा उलटा असेल तेव्हाच.
तुमच्या बाजूच्या तीन ओळी सोडते."
तीन ओळी म्हणजे किती पेट्या,
मी विचारलं नाही.

आता वही पंपाच्या खोलीत खिळ्याला असते.
माझं निळं, तिचं हिरवं.
कधी दोघींचंही पावसानं पुसलेलं.
बर्फ कुठल्या पाण्याचा, तेही त्यात लिहिते,
कारखानदार वैतागतो, सांगतो.
अर्ध्या किलोच्या आतला मासा
जाळ्यातून परत पाण्यात,
त्यावरून अजून भांडणं होतात.

उजाडता आई काठी टेकत येते.
तिला वाचता येत नाही,
पण वही हातात घेतल्याशिवाय बसत नाही.
"आज किती?"
"पाच."
"म्हणजे?"
"म्हणजे लाल, आई."
ती पान अंगठ्यानं दाबून बघते.