आरी

मुंगसाने कोंबडी नेली त्या रात्री
सात पिल्लांतलं एकच हाताला लागलं,
ओल्या सोडणासारखं.
काजूच्या कारखान्यातून आणलेल्या खोक्यात
चाळीसचा बल्ब लावून मी ते वाढवलं.
संध्याकाळी मालिका बघायला बसले
की पदराखाली शिरायचा,
डोळ्यावर पापणी ओढून घ्यायचा, खालून वर,
आपल्यासारखी वरून खाली नाही.

गोंड्या म्हटलं की धावत यायचा.
हे सगळं सांगते आहे, कारण
पाचव्या महिन्यात त्याने माझ्या पोटरीवर झेप घेतली
तेव्हा दुखलं ते पोटरीत नव्हे.

एका दिवसात नाही झालं.
आधी नुसता तिरका चालायचा,
एक पंख जमिनीला घासत, माझ्याभोवती अर्धा फेरा.
मला वाटलं, नाचतो.
वाडीतल्या पोरांना बोलावून दाखवला मी तो नाच.
मग एकदा चपलेवर चोच.
मग बादलीवर.
मग मानेची पिसं छत्रीसारखी उघडून
माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिला,
जसे काही गुडघेच माझं तोंड.

पहिल्या दिवशी मी पळाले.
दुसऱ्या दिवशी हिराची वाढवण उगारली.
तिसऱ्या दिवशी तो वाढवणीची वाट बघत उभा.

कुंपणापलीकडे कुबलांची गुणाकाकी
तिसऱ्या फोडत होती. मान वर न करता म्हणाली,
"गो, धावलंस तर तो जिकलो.
मारलंस तर तू झुजाक इलंस.
तेका तू माणूस नाय, कोंबोच दिसतस.
मोठो. बिनपिसांचो."

मी खूप हसले.
मग रात्री खोकं आठवलं, तो बल्ब आठवला.
दुसरं कोण दिसलं होतं त्याला, डोळे उघडल्यापासून?

आता तो आला की मी उभी राहते.
हातवारे नाहीत, ओरडणं नाही.
एक पाऊल पुढे, सावकाश, खाडीला पाणी चढतं तसं.
झेपावलाच, तर दोन्ही पंख धरून खाकेत,
मान हलकेच खाली दाबून.
त्याचं काळीज माझ्या बरगडीवर आपटत असतं
आणि मी तशीच माड शिंपते,
सिलिंडरवाल्याशी हुज्जत घालते,
वाळत टाकलेले बांगडे एका हाताने उलटते.
तलंगा बघत असतात. बघायलाच हव्यात, काकी म्हणते.
दाणे मी टाकते, आधी त्यांना.
खळ्यात मुलं यायची असली की झाप लावून त्याला कोंडते.
आणि एकदा, तो खाकेत असतानाच,
आरीचं टोक कानशीने घासलं, अगदी टोकापुरतं.
त्याने हू की चू केलं नाही.
माझेच दात शिवशिवले.

नवरा ट्रॉलरवरून चतुर्थीला आला.
पहिल्याच सकाळी त्याच्या मांडीवर ओरखडा, वीतभर.
आयोडीन लावता लावता म्हणाला, "राखणेक ह्योच."
सासऱ्यांनी मान डोलावली.
मी चहाचे कप उचलले.

गोंड्या शहाणा झालाय असं नाही.
पोस्टमन अजून फाटकातूनच हाक मारतो.
पण परवा विहिरीपाशी आम्ही समोरासमोर आलो.
तो थांबला. मी थांबले.
मग तो मान वळवून जमिनीवर टिपू लागला,
जिथे एकही दाणा नव्हता.
मीही पदराला न लागलेली माती झटकली.
दोघांचंही राहिलं.

राखणेच्या आदल्या मंगळवारी
मी बाजारातून दुसरा आणला,
तांबडा, पाय बांधलेला.
निवतीपर्यंत एसटीत शांत होता,
पिशवीतून मान तेवढी बाहेर.
पिशवी माझ्या मांडीवर.
घाटीजवळ गाडी वळली
आणि त्याने डोळ्यावर पापणी ओढून घेतली,
खालून वर.
मी खिडकीबाहेर बघितलं.