आर्द्रता

सव्हानात पहाटे साडेचारला मी स्टुडिओत पोचते
तेव्हा नदीवरचं धुकं माझ्याआधी आत आलेलं असतं.
अकरा वर्षं रोज
तापलेली पट्टी, तिच्यात चिमटीत धरलेली बट,
आणि तो वास, जळकट, थोडा गोडसर,
ईस्टरच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात यायचा तोच.
गॅसवर लोखंडी कंगवा.
"कान धर," आई म्हणायची.
मी कान दुमडून धरायची, श्वाससुद्धा.
डाव्या कानामागे अजून डाग आहे, तांदळाएवढा.

करारात केस हा शब्द कुठेच नव्हता.
"नीटनेटकं" होतं.
त्याचा अर्थ जिन्यातल्या फोटोंनी सांगितला:
सातजणी,
सातींचे केस एकाच नळाखाली धरल्यासारखे सरळ.

मग मी नकाशासमोर उभी राहून सांगायची,
आज आर्द्रता ब्याण्णव टक्के,
जणू मला ते आकड्यावरून कळत होतं.
मानेवरची लव केव्हाच वळायला लागलेली असायची.
जाहिरात लागली की रॉक्सॅन फवारा घेऊन धावायची,
आग लागल्यासारखी.

शाळेच्या सहलीत एक जुनं यंत्र पाहिलं होतं.
पितळी चौकट, आत ताणून बसवलेला
माणसाचा एकच केस.
हवा ओलावली की लांबतो, सुकली की आखडतो,
काटा हलतो.
सोनेरी केस सगळ्यात बरा, म्हणाला दाखवणारा.
मी हात वर केला, "आणि माझा?"
तो हसला. मग वर्ग.

गेल्या मंगळवारी पट्टीची वायर तुटली.
असं मी सगळ्यांना सांगितलं.
तुटली नव्हती.

नुसते धुतलेले केस घेऊन उभी राहिले,
ढगासमोर ढग.
दक्षिणेकडून वारे, दुपारनंतर सरी,
शब्द तेच होते.

एकोणीस फोन आले.
कुणी विचारलं, बाई आजारी आहे का.
कुणाला म्हणे पावसाचं काही ऐकूच आलं नाही.
प्रेस्कॉटनं केबिनचं दार लोटून घेतलं, हसून म्हणाला,
"तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही,
पण प्रेक्षक, ओडेसा, प्रेक्षक."
मी त्याच्या टेबलावरच्या काचेत पाहत होते.
काचेत मावत नव्हते.

विसावा फोन आईचा.
तिनं केसांचं काही काढलं नाही.
"चादरी धुतल्यात. बाहेर टाकू का?"
नको, म्हटलं. संध्याकाळच्या आत येईल पाऊस.
"हो," ती म्हणाली,
"दिसलं."