खालचं अंग

उद्यमनगरात, भट्टी थंड पडल्यावर,
मी इलाही मिस्त्रींना वाचून दाखवतो
त्या इटलीच्या म्हाताऱ्याचं शेवटचं काम.
आभाळाविषयी बोलायला बंदी झाली,
मग घरात कोंडलेला तो
भिंतीत रोवलेल्या तुळईकडे वळला:
टोकाला वजन टांगत गेलं तर कधी मोडेल?

"दिसत हुतं का त्याला?"
"शेवटी नाही."
मिस्त्री हसले. त्यांचे डोळे
बिडाच्या रसानं कधीच नेलेत.

हाडाचं चित्र मी त्यांच्या तळव्यावर गिरवलं.
तिप्पट लांब हाड,
पण जाडी बेढब, कितीतरी पट.
"गंगावेशीच्या तालमीत जा.
वस्तादाची मांडी चाचप, मग कळंल."

मग सागवानाची पट्टी मागितली,
शिकंज्यात धरून मोडली,
तुटल्या तोंडावरून अंगठा फिरवला.
वर ताणून चिरफाळलेले तंतू.
खाली चेपलेले, मऊ.
"ह्ये खालचं त्यानं लिवलंय?"

मी पानं उलटली. पुन्हा उलटली.
शेजारी कुणी लेथ सुरू केला.
"नसंल," मिस्त्री म्हणाले,
"मोडलेलं कुणी हातात दिलं नसंल त्याच्या."
आणि तो तुकडा
माझ्या हातावर
उलटा ठेवला.