अवरक्त

गांधीबागेतलं कार्यालय. मे महिना, रात्रीचे नऊ,
आणि लाइट गेली.
जनरेटरवाला डिझेल आणायला गेलेला, बाप्पा.

हेडाऊमामांची लेन्स
पुढे-मागे, पुढे-मागे, घुर्र घुर्र,
उशाशी चष्मा चाचपावा तशी.
मग त्यांनी जुना फ्लॅश चढवला,
बटण अर्धंच दाबलं.
नवरीच्या वडिलांच्या सदऱ्यावर
लाल रेघा उमटल्या, विरळ,
आमच्या घरच्या मागावरल्या ताण्यासारख्या.

"हा तर सांडलेला रंग," मामा पुटपुटले,
"काम करतो तो दिसत नाही."

अवरक्त.
दिवसभर तापलेल्या भिंतीही
तेच सोडत होत्या आमच्या पाठींवर.
ते जातं, गालाला शिवतं, परततं,
सांगतं : सव्वातीन मीटर.

रेघांमागे तो माणूस
एकटाच
हसण्याची तालीम करत होता.
ओठ ताणायचे. सोडायचे.
पुन्हा ताणायचे.

हिरवा ठिपका लागला.
मी छत्री धरून, मामांकडे बघत.
त्यांचं बोट तिथंच, अर्ध्यावर.

लाइट आली तेव्हा
हसू तयार होतं.
मग खट्‌कन.

अल्बममध्ये तोच फोटो पहिला,
स्पष्ट, मिशीचा केस न् केस.
पैसे मात्र अजून यायचेत.