एक चमचा

सकाळी दहाला नाक सगळ्यात शुद्धीवर असतं,
म्हणून दहालाच बसतो आम्ही, रॉथेसच्या या पत्र्याच्या खोलीत:
मी, मर्डो गेडिस, आणि मर्डोची सर्दी.
बाहेर स्पे नदीवर धुकं. आत सहा पेले,
ट्यूलिपच्या कळीसारखे, तोंडाशी निमुळते,
वर काचेची झाकणं.

नमुना चौथा. वय तीन वर्षं, चार महिने.
कायद्याला तीन पुरतात.
मिसरूड फुटायला थोडी जास्त लागतात.

रंग: सावलीत वाळलेल्या गवताचा.
पेला कलवला, तर थेंब काचेवरून पळत उतरले,
शाळा सुटल्यासारखे.
वास: हिरवं पेअर, भिजवून विसरलेली कणीक,
नुकतीच विझलेली आगकाडी,
आणि मागे, दाराआडून मोठ्यांचं बोलणं ऐकणाऱ्या पोरासारखा
जरासा धूर.

"धूर?" मर्डो नाक पुसत म्हणाला. "या भट्टीत धूर नसतो, थोरा.
माझा आजा होता तिथे. तेव्हाही नव्हता."

कागदावर लिहिलंय: ब्लेंडेड माल्ट.
म्हणजे पिंपात दोनशे लिटर एका भट्टीची
आणि दुसरीची एक चमचा.
खरोखरीचा चमचा, चहाचा.
पहिल्या भट्टीला आपलं नाव परक्याच्या बाटलीवर नको असतं,
म्हणून भरतानाच हा चमचा ओततात
आणि पोर आडनावाला मुकतं.

"चाळीस हजारांत एक," मर्डो म्हणाला.
"तो चमचा कुणाला लागत नाही. तो फक्त वकिलांना लागतो."

हिशेब त्याच्या बाजूने आहे.
पण मी ऑर्कनीची. लग्न करून आले तेव्हा
माझ्या कोटाला घरच्या चुलीतल्या पीटचा वास होता.
सासूने तो अंगणात दोरीवर टांगला, फेब्रुवारी ते मे.
शिव्या दिल्या नाहीत, काही नाही. नुसता टांगला.
एकतीस वर्षं झाली. खाटकाच्या दुकानात अजून
माझ्या नावामागे एक छोटा थांबा असतो:
"थोरा... बेटावरची."
विरजणाला तरी किती लागतं?
पण दूध निदान सगळंच्या सगळं बदलतं,
लाज वाटायला कोणी शिल्लक राहत नाही.

पाण्याचे चार थेंब घातले.
जिभेवर आधी मिरी, मग मध, मग ओल्या लाकडाचा भुसा.
मध्येच एक पोकळी, जिथे वय असायला हवं.
आणि गिळल्यावर (हो, गिळली, बादली लांब होती)
पुन्हा तोच.
मी लिहिलं: धूर. खाली रेघ मारली.

मर्डोने हट्टाने भरणीच्या शेडमध्ये फोन लावला.
व्हायलेट क्रूकशँकला सगळं आठवतं,
कुठल्या पिंपाला कुठल्या दिवशी किती शिव्या घातल्या तेसुद्धा.
"ते होय," ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की मलाही ऐकू आलं.
"त्या दिवशी चमचा सापडला नव्हता.
नवीन पोरगा होता. त्याने मगाने ओतलं.
अर्धा मग. कदाचित पाऊण."

मर्डो हसला, हसता हसता शिंकला,
मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला,
"नाक आहे बाई तुझं!"

मी जिंकले होते.
तरी उगाच काहीतरी खाली बसलं.
मला तो एकच चमचा हवा होता.

गुण: दहापैकी साडेसहा.
शेरा: उतावळी, प्रामाणिक, मधे पोकळ.
आणखी पाच वर्षं अंधारात ठेवावी, मग पाहावं.
कुठून आली, या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही.
पेला धुतला, पालथा घातला.

नमुना पाचवा.