डावा कान

एकाच कानाचे पैसे जमले, म्हणून डावा.
उजवा तसाही हिद्दच्या गोदीत गेला,
जहाजांच्या पोटात उकिडवं बसून
एकवीस वर्षं गंज ठोकताना.

मुहर्रकच्या दवाखान्यातली लिजिमोल
मल्याळम चालीत हिंदी बोलते.
तिनं टेबलावर ते ठेवलं:
काजूगराएवढं, वाकही तसाच.
म्हणाली, परकारभाई, हा कान नाही.
इथं दोन भोकं, आवाज इथून आत शिरतो.
आत चिप आहे, ती निवड करते.
तुमच्यात जे उरलंय ते तसंच ठेवते,
जे गेलंय तेवढं उचलून मोठं करते.
मग ही नळी, आणि कानात हा साचा.

तिनं आलेख दाखवला.
रेघ बरी चालत आलेली
आणि एकदम खाली,
जेट्टीची पायरी चुकल्यासारखी.
इथं तुमचे स, श, फ, थ बुडालेत, म्हणाली.

मला शिफा आठवली.
फोनवर ती नाव सांगायची
आणि माझ्यापर्यंत पोचायचं इ, आ.
मीच ठेवलेलं नाव.
अकरा वर्षं ते पाठ होतं
म्हणून ऐकू येत होतं.

बॅटरीचा केशरी कागद सोला,
मिनिटभर थांबा, हवा लागू दे तिला.
रोज दोन तास, आधी शांत खोलीत.
बाजार नंतर, मशीद नंतर.
चष्म्यासारखं नाही हे,
डोक्याला पुन्हा शिकावं लागतं.
आणि शिट्टी वाजली
तर साचा बसलेला नाही समजा. दाबा.

शांत खोली!
सहा माणसं, तीन दुमजली खाटा.

पहिल्या दिवशी माझा आवाज
पिंपात तोंड घालून कुणी बोलावं तसा.
प्लास्टिकची पिशवी उघडली, तर वणवा.
एसी असा कण्हतो,
सात वर्षं त्याच्याखाली झोपतोय,
कुणी सांगितलं नाही.
माझा गुडघा वाजतो.
आणि सुलेमान मला मागून ढोल म्हणतो,
तेही कळलं.
वाईट वाटलं नाही.
थोडं वाटलं.

रात्री काढून ठेवायचं असतं.
मी नाही काढलं.
फोन कानाशी धरून
शिफाचा निरोप ऐकत पडलो:
अब्बा, मी शिफा बोलतेय.
श किती बारीक, शेवईसारखा,
आणि फ मध्ये फुंकरीएवढी हवा.
नऊ वेळा ऐकला.
पुढं ती फीबद्दल काय म्हणाली
ते दहाव्या वेळी ऐकलं.

मग शिट्टी सुरू झाली.
बारीक, तुटत तुटत.
साचा दाबला. तरी आहे.
बाहेर काढून पुन्हा बसवला. आहेच.
हात कानावर धरला,
तर माझी शिट्टी वेगळीच वाजली, मोठी,
आणि हात काढल्यावर
ती पहिली तशीच चालू.
मग ती थांबली
आणि तिनं नाक ओढलं.

मशीन नाक ओढत नाही.

वरच्या खाटेवर नरसय्या,
करीमनगरचा,
येऊन अठ्ठावीस दिवस झालेला.
चादरीचं टोक तोंडात धरलं असणार,
आवाज तसा दबत होता.
त्याच्या आधी त्या खाटेवर
चार जण झोपून गेले.
नवीन आलेल्या प्रत्येकाला मी सांगायचो,
या खोलीत झोप चांगली लागते,
कसला म्हणून आवाज नाही.

बॅटरीचं दार नखानं उघडलं असतं
तर सगळं बंद झालं असतं.
नख तिथंच होतं.

उठून उभा राहिलो. गुडघा वाजला.
फळीवर हात ठेवून विचारलं, पानी चाहिये?
हळू विचारलं.
किती हळू, मला सांगता येणार नाही,
सुलेमान उठला नाही एवढंच.

वरून काहीतरी उत्तर आलं.
पहिलं अक्षर स होतं.
पुढचं नीट लागलं नाही,
दोन तास कधीच होऊन गेले होते.